इनकमिंग वेबहुक: एकच सूचना चॅटमध्ये तीनदा येते, आणि काहींची सही जुळत नाही

सात_रस्ता
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी टीम चॅट आहे. नोड, एक्सप्रेस आणि पोस्टग्रेस. सर्व्हर कारखान्याच्या ऑफिसातच. चार ठिकाणांहून वेबहुक (काही घडलं की दुसऱ्या सर्व्हरने आपणहून पाठवलेली सूचना) येतात: गिटहबचे पुश, अलर्टमॅनेजरचे (सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचे) इशारे, ऑर्डर पोर्टल, आणि ग्राहकाने पैसे भरले की येणारी जमा-सूचना. दिवसाला तीन-चार हजार, सकाळी पाळी बदलताना सेकंदाला दहा-पंधरा.

सध्या सगळं एकाच हँडलरमध्ये होतं: यूआरएलमधल्या टोकनवरून चॅनेल शोधायचं, जेसन उघडायचं, सही तपासायची, मेसेज टेबलात टाकायचा, वेबसॉकेटवर सगळ्यांना द्यायचा, मोबाइलवर पुश पाठवायचं, आणि मग २०० ('मिळालं' हा उत्तराचा कोड) परत.

अडचणी अशा:
१) 'जमा-रक्कम' चॅनेलवर एकच पावती दोनदा, कधी तीनदा दिसते. हिशेब बघणारे दुप्पट जमा धरतात, म्हणून हे आधी थांबवायचं आहे.
२) त्याच जमा-सूचनांपैकी दिवसाला पाच-सहांची एचमॅक सही (सिक्रेट आणि बॉडी यांवरून काढलेली खूण) जुळत नाही. सिक्रेट तेच, कोड तोच, बाकी शेकडो बिनबोभाट जुळतात.
३) चुकीच्या विनंतीला कोणता कोड परत द्यायचा? आत्ता सरसकट ५०० जातो.

भुईकोट
पहिल्या अडचणीचं मूळ तुमच्याच यादीत आहे: मोबाइल पुश. ती फेरी बाहेरच्या सर्व्हरकडे जाते. त्याने आठ सेकंद लावले की तुमचं २०० पण आठ सेकंदांनी निघतं, आणि पाठवणारा तेवढा थांबत नाही. गिटहब १० सेकंदांत कनेक्शन सोडतं, रेझरपे ५ सेकंदांत उत्तर मागतं. वेळ संपली की पाठवणाऱ्याच्या लेखी सूचना पोचलीच नाही. तो परत पाठवतो, आणि तुमच्याकडे पहिली आधीच टेबलात जाऊन बसलेली असते.

हँडलरमध्ये एवढंच ठेवा: टोकन ओळखा, आलेले बाइट जसेच्या तसे घ्या, सही तपासा, 'आवक' नावाच्या टेबलात एक ओळ घाला. कमिट झालं की २०२ ('घेतलं, काम नंतर') देऊन मोकळे व्हा. जेसन उघडणं, चॅनेल, मेसेजचा साचा, वेबसॉकेट, पुश ही सगळी वर्करची, म्हणजे मागे वेगळा चालणाऱ्या प्रोग्रामची, कामं.

आवक टेबलात लागतात त्या गोष्टी: स्रोत, घटनेचा आयडी, हेडर, मूळ बॉडी, आल्याची वेळ, स्थिती, किती प्रयत्न झाले, पुढचा प्रयत्न कधी. मूळ बॉडी बाइटीए (कच्चे बाइट) प्रकारात ठेवा, जेसनबीमध्ये नको. जेसनबी कीजचा क्रम बदलतं, मोकळ्या जागा काढतं, एकच की दोनदा आली तर शेवटची ठेवतं, आणि मजकुरात शून्य कोडचं अक्षर असेल तर ओळच नाकारतं. उद्या एखादी सूचना पुन्हा तपासायची वेळ आली तर मूळ बाइट हाताशी हवेत.

वर्करने ओळ उचलताना 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' वापरा, पोस्टग्रेस ९.५ पासून आहे. दोन वर्कर असले तरी एकच ओळ दोघांच्या हाती लागत नाही. मात्र लॉक धरून ठेवून पुश पाठवू नका. मेसेज घालणं आणि आवकेतली ओळ 'झाली' करणं हे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. वेबसॉकेट आणि पुश कमिटनंतर.

कडक_भाकरी
+१. पण डुप्लिकेट ओळखायचं कशावरून, ते राहिलं.

नवी_पेठ
स्रोत पाहून ठरवावं लागतं, सगळ्यांना एक नियम चालत नाही.

गिटहब प्रत्येक सूचनेला 'एक्स-गिटहब-डिलिव्हरी' हेडर लावतं, तो आयडी घ्या. रेझरपेकडे 'एक्स-रेझरपे-इव्हेंट-आयडी' असतो. स्रोत आणि आयडी मिळून युनिक इंडेक्स, आणि इन्सर्टला 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग'. आधी सिलेक्ट करून मग इन्सर्ट असं लिहू नका. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही 'नाही' असंच उत्तर मिळतं आणि दोघीही घुसतात.

यात एक खाच आहे. गिटहबवर हाताने 'रीडिलिव्हर' दाबलं तरी आयडी तोच राहतो. समजा पहिली खेप आली, साठवली गेली, पण साच्यातल्या चुकीमुळे वर्करने 'फसली' म्हणून टाकली. तुम्ही साचा दुरुस्त करून रीडिलिव्हर दाबता, आणि डू नथिंग ती गपचूप गिळून टाकतं. म्हणून कॉन्फ्लिक्ट आला आणि जुनी ओळ 'फसली' असेल तर तिला पुन्हा 'बाकी' करा; 'झाली' असेल तरच दुर्लक्ष.

सात_रस्ता
आमच्या जमा-सूचनेत हेडरमध्ये आयडी येत नाही. बॉडीत व्यवहार क्रमांक आहे, तो घेऊ?

नवी_पेठ
नुसता व्यवहार क्रमांक घेतलात तर परताव्याची सूचना गायब होईल. एकाच व्यवहाराच्या आधी 'मंजूर', मग 'जमा', कधी पुढे 'परत' अशा वेगवेगळ्या सूचना येतात. व्यवहार क्रमांक आणि घटनेचा प्रकार दोन्ही जोडून आयडी करा. परतावा तुकड्यातुकड्याने होत असेल तर परताव्याचा क्रमांकही त्यात हवा. त्यासाठी हँडलरमध्ये जेसन थोडं उघडावं लागेल. चालेल, पण सही तपासून झाल्यावर, आणि उघडण्यासाठी बॉडीची वेगळी प्रत घेऊन.

कंबर_तलाव
आयडीच नसेल तर बॉडीचा शा-२५६ हॅश (मजकुराचा ठसा) काढून दहा मिनिटांत तोच हॅश आला की टाकून द्यायचं. सोपं काम.

नवी_पेठ
@कंबर_तलाव, मशीनच्या सूचनांना हे अजिबात लावू नका. 'माग क्र. १२ बंद, ताणा तुटला' हा मजकूर दहा मिनिटांत दोनदा आला तर ताणा खरंच दोनदा तुटलेला असू शकतो. बॉडीत वेळ नसेल तर दोन्हींचा हॅश तंतोतंत एकच. दुसरी सूचना गिळलीत तर जोडणारा मागापर्यंत जातच नाही. सूचना दोनदा दिसणं त्रासाचं आहे, पण न दिसणं त्याहून महाग. हॅशवर फक्त अशाच स्रोतासाठी विसंबा ज्याच्या बॉडीत सेकंदापर्यंतची वेळ किंवा चढता क्रमांक आहे.

बाळीवेस
मला एवढा पसारा पटत नाही. दिवसाला चार हजार म्हणजे सरासरी वीसेक सेकंदांना एक. क्यू, वर्कर, पुन्हा प्रयत्न, हे कोण सांभाळणार? मेसेज टेबलात घाला, लगेच २०० द्या, आणि वेबसॉकेट-पुश त्याच प्रोसेसमध्ये मागाहून होऊ द्या. दहा ओळींचा बदल आहे. रॅबिटएमक्यू आणि काफ्का मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपन्यांना.

भुईकोट
@बाळीवेस, रॅबिटएमक्यू-काफ्का इथे नकोच, त्यावर पूर्ण सहमत. आवक टेबल हीच क्यू. वेगळं काही बसवायचं नाही, वर्कर म्हणजे त्याच कोडबेसमधली एक फाइल.

पण 'मागाहून त्याच प्रोसेसमध्ये' यात एक भोक राहतं. २०० दिल्यानंतर आणि पुश जाण्याआधी प्रोसेस रीस्टार्ट झाली तर उरलेलं काम कुठेच लिहिलेलं नसतं. पाठवणारा परत पाठवणार नाही, कारण त्याला २०० मिळालंय. नवा कोड चढवताना प्रत्येक वेळी प्रोसेस रीस्टार्ट होतेच. शिवाय जेसन उघडताना किंवा साच्यात चूक निघाली तर मूळ सूचना कुठेही शिल्लक नसते.

बाळीवेस
हं, साच्यातल्या चुकीचा मुद्दा मान्य. मूळ बॉडी ठेवलेली असली तर दुरुस्तीनंतर परत चालवता येते. मग निदान एकच वर्कर ठेवा. दोन ठेवले की क्रम बिघडतो, 'माग चालू' आधी आणि 'माग बंद' नंतर असं दिसेल.

भुईकोट
बरोबर. सेकंदाला पंधरा एका वर्करला सहज झेपतात. पुढे वाढवायचे झाले तर चॅनेलच्या आयडीवर अ‍ॅडव्हायजरी लॉक लावा, म्हणजे एका चॅनेलचं काम एका वेळी एकाकडेच राहील.

होटगी_रोड
सर्व्हर ऑफिसात आहे हे वाक्य सगळ्यांनी भरकन वाचून सोडलंय. वीज गेली, किंवा लाइन पडली, की वेबहुकचं काय होतं?

गिटहब फसलेली सूचना आपणहून परत पाठवत नाही. गेल्या तीन दिवसांतल्या सूचना हाताने किंवा एपीआयने परत मागवता येतात, बस. रेझरपे २४ तास हळूहळू अंतर वाढवत प्रयत्न करतं, स्ट्राइप लाइव्ह मोडमध्ये तीन दिवसांपर्यंत. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. ऑफिसातलं यूपीएस संपलं आणि चार तासांनी वीज आली, तर गिटहबचे चार तास तुम्ही स्वतः जाऊन आणेपर्यंत गेलेलेच.

यावर उपाय म्हणजे आवक घेणारा तुकडा ऑफिसाबाहेर ठेवायचा. मुंबईच्या डेटा सेंटरमधलं सगळ्यात लहान व्हर्च्युअल मशीन पुरतं. त्यावर फक्त हँडलर आणि आवक टेबल. ऑफिसातला वर्कर वायरगार्डमधून (व्हीपीएन) त्याला 'नवं काय?' विचारतो आणि ओळी ओढून नेतो. जोडणी आतून बाहेर जात असल्याने ऑफिसला पब्लिक आयपी लागत नाही. ब्रॉडबँडवाल्याने एकच आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असला तरी अडत नाही.

दोन गोष्टी जपा. बॉडी आणि हेडर मुंबईतून जसेच्या तसे यायला हवेत. आणि वेळेची तपासणी आल्याच्या वेळेवर करा, उचलल्याच्या वेळेवर नको. सहीत टाइमस्टँप असेल तर साधारण पाच मिनिटांपेक्षा जुनी सूचना नाकारतात, कुणी जुनी पकडून परत पाठवू नये म्हणून. चार तासांनी उचललेल्या ओळीला तोच नियम लावलात तर सगळ्याच बाद होतील. दोन्ही मशीनवर क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) चालू ठेवा. घड्याळ सहा मिनिटं पुढे गेलं की खऱ्या सूचनाही परत जायला लागतात.

जुळे_सोलापूर
तिसऱ्या प्रश्नाकडे. कोड निवडताना एकच विचारा: पाठवणाऱ्याने हीच सूचना परत पाठवली तर काही फरक पडेल का?

पडणार असेल (डेटाबेस बंद, डिस्क भरली) तर ५०३. पडणार नसेल तर ४०० च्या घरातला कोड. जेसन मोडकं असेल तर ४००, सही चुकली तर ४०१, टोकन माहीतच नसेल तर ४०४, हुक काढून टाकला असेल किंवा चॅनेल अर्काइव्ह केलं असेल तर ४१०, बॉडी फार मोठी तर ४१३, फार भराभर पाठवत असेल तर ४२९ आणि सोबत 'रिट्राय-आफ्टर' हेडर. अलर्टमॅनेजर ५०० च्या घरातला कोड मिळाला की परत प्रयत्न करतो, ४०० च्या घरातला मिळाला की सोडून देतो. म्हणजे मोडक्या जेसनला ५०० देणं हे स्वतःवरच दगड मारून घेणं आहे. तीच मोडकी सूचना परत परत येत राहते.

डुप्लिकेटला ४०९ देऊ नका, २०० च द्या. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने काम झालेलं आहे.

एनजिनएक्स (वेब सर्व्हर) पुढे असेल तर त्याचं 'लिमिट_रेक' मर्यादा ओलांडल्यावर ५०३ देतं, ४२९ नाही. 'लिमिट_रेक_स्टेटस' वेगळं लिहावं लागतं. बॉडीची मर्यादाही दोन ठिकाणी असते: एनजिनएक्सची मूळची १ एमबी, एक्सप्रेसच्या पार्सरची १०० केबी. गिटहबची सूचना २५ एमबीपर्यंत जाऊ शकते. मोठा पुश झाला की एक्सप्रेस ४१३ देतं, आणि चॅनेलवर काहीच न दिसल्याने पुश झालाच नाही असं वाटतं.

कंबर_तलाव
मर्यादा किती ठेवावी? स्लॅक इनकमिंग वेबहुकला सेकंदाला एक मेसेज देतं, थोडा वेळ जास्त आला तर चालवून घेतं.

जुळे_सोलापूर
टोकनमागे सेकंदाला एक, आणि वीसपर्यंतची उसळी सोसावी.

भुईकोट
जमा-सूचनेला मी ही मर्यादा लावणार नाही. घेऊन साठवायला काही मिलिसेकंद लागतात, तिथे कशाला अडवायचं? अडवायचं ते दाखवताना. एका चॅनेलवर मिनिटात तीसपेक्षा जास्त व्हायला लागले की वर्करने त्यांचा एक मेसेज करावा: 'आणखी ४२ पावत्या', खाली यादी. साठवताना नाही म्हटलंत तर पैशाच्या सूचनांचा भरवसा पाठवणाऱ्याच्या रिट्रायवर जातो.

जुळे_सोलापूर
पैशाला मान्य. पण कुणाच्या तरी क्रॉनच्या लूपमध्ये चूक झाली आणि सेकंदाला दोनशे यायला लागले, तर ते साठवत बसणं बरोबर नाही. स्रोताप्रमाणे मर्यादा वेगळी ठेवा, म्हणजे दोन्ही साधेल.

पार्क_मैदान
सुरक्षेचं कुणीच बोललं नाही.

इनकमिंग वेबहुकला लॉगिन नसतं, यूआरएल हीच किल्ली. ज्याच्या हाती यूआरएल त्याला चॅनेलवर लिहिता येतं. हे यूआरएल सगळ्यात आधी सांडतात ते तुमच्याच लॉगमध्ये: एनजिनएक्सचा नेहमीचा अ‍ॅक्सेस लॉग पूर्ण पाथ लिहितो, आणि तो लॉग बॅकअपबरोबर चार ठिकाणी जातो. 'मॅप' वापरून टोकनची पहिली चार अक्षरं ठेवा, बाकी झाका. डेटाबेसमध्ये टोकनऐवजी त्याचा शा-२५६ ठेवा आणि त्यावर शोधा. टोकन लांब आणि पूर्ण रँडम असल्याने इथे बीक्रिप्टची गरज नाही. ते माणसांनी निवडलेल्या पासवर्डसाठी.

टोकन बदलताना जुनं आणि नवं दोन्ही आठवडाभर चालू ठेवा, आणि जुन्यावर शेवटची विनंती कधी आली ते दाखवा. तो आकडा थांबला की बंद करा.

आणखी एक. बॉडीत 'चॅनेल' म्हणून नाव दिलं की त्या चॅनेलवर मेसेज जातो, ही सोय बऱ्याच चॅटमध्ये आहे. ती मुळात बंद ठेवा, हुक एका चॅनेलला बांधलेला असू द्या. 'सगळ्यांना' हा उल्लेख वेबहुकच्या मजकुरातून चालू देऊ नका. ऑर्डर पोर्टलवर ग्राहकाने शेरा म्हणून जे लिहिलं ते तुमच्या चॅनेलवर येणार आहे. त्यात कुणी तो उल्लेख घातला की रात्री दोनशे फोन वाजतील. आणि आयकॉनचा यूआरएल सर्व्हरवरून आणत असाल तर १६९.२५४.१६९.२५४ (क्लाउड मशीनची आतली माहिती देणारा पत्ता) आणि ऑफिसचे आतले सगळे पत्ते अडवा. हे नाव सोडवून आयपी मिळाल्यावर तपासायचं. नुसती यूआरएलची अक्षरं पाहून भागत नाही.

कडक_भाकरी
अवांतर: अलर्टमॅनेजरचे मेसेज फार होतात. एक डिस्क भरली की दिवसभर तेच.

पार्क_मैदान
त्याच्या जेसनमध्ये 'ग्रुपकी' असते. एका ग्रुपकीचा पहिला मेसेज धागा म्हणून ठेवा, पुढचे त्याखाली प्रतिसाद, आणि 'रिझॉल्व्ह्ड' आलं की मूळ मेसेजवर हिरवी खूण. तोच इशारा परत पाठवण्याचं अंतर मूळचं ४ तास असतं, ते त्याच्या कॉन्फिगमध्ये वाढवा, चॅटमध्ये गाळत बसू नका. एका विनंतीत अनेक इशारे असतात हेही विसरू नका. फक्त पहिला वाचणारे साचे सर्रास दिसतात.

शेंगा_चटणी
अवांतराला अवांतर, पण मराठी मेसेजवाल्यांच्या कामाचं. लांब मजकूर कापताना बाइट मोजून कापू नका. 'सोलापुरी' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा, युनिकोडमध्ये आठ कोडचा, यूटीएफ-८ मध्ये २४ बाइटचा. बाविसाव्या बाइटवर कापलात तर शेवटचा कोड अर्धवट राहतो आणि पोस्टग्रेस 'इनव्हॅलिड बाइट सिक्वेन्स' म्हणून अख्खी ओळ परत करतं. कोड मोजून पाचव्यावर कापलात तर 'सोलाप' उरतं, उकार गेला. नोड १६ पासून 'इंटल.सेगमेंटर' आहे, तो मात्रा अक्षराला चिकटवून ठेवतो. जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षर मात्र हलन्तापाशी तुटतं, म्हणून कापताना शेवटी हलन्त राहिला तर आणखी एक अक्षर मागे या. आपल्याकडे कन्नड आणि तेलुगूतही शेरे येतात, तिथेही हेच.

नवी_पेठ
@शेंगा_चटणी, तुमच्या या प्रतिसादावरून दुसऱ्या अडचणीचा धागा लागतोय. @सात_रस्ता, सही न जुळलेल्या पाच-सहा सूचना काढून बघा: त्यात ग्राहकाचं नाव किंवा शेरा देवनागरीत आहे का? आणि सही कशावर काढताय, आलेल्या बाइटवर की उघडलेलं जेसन परत बांधून?

सात_रस्ता
कालच्या सहा काढल्या. चारमध्ये नाव देवनागरीत आहे. दोन पूर्ण इंग्रजीत आहेत, त्यांचं काय ते कळत नाही. सही अशी काढतो: 'एक्सप्रेस.जेसन' बॉडी उघडतं, मग 'जेसन.स्ट्रिंगिफाय' करून त्यावर एचमॅक.

नवी_पेठ
मग उरलेल्या दोनमध्ये तिरकी रेघ आहे का पाहा. बिल क्रमांकात असेल बहुतेक.

सात_रस्ता
हो! दोन्हींचा बिल क्रमांक 'टी/११८' अशा धाटणीचा आहे. बाकीच्या बिलांत आडवी रेघ आहे. हे कसं ओळखलंत?

नवी_पेठ
पाठवणारा पीएचपीचा आहे. पीएचपीचं जेसन एन्कोड, वेगळं काही सांगितलं नाही तर, देवनागरीचं प्रत्येक कोड बॅकस्लॅश, यू आणि चार चिन्हं अशा रूपात लिहितं, आणि तिरक्या रेघेआधी बॅकस्लॅश घालतं. 'चादर' हा शब्द घ्या: चार कोड. पाठवणाऱ्याकडे तो २४ बाइटचा आहे. तुम्ही उघडून स्ट्रिंगिफाय केलात की नोड त्याला सरळ यूटीएफ-८ मध्ये लिहितं, १२ बाइट. वाचायला शब्द तोच, बाइट वेगळे, म्हणून एचमॅक पूर्ण वेगळा. साधं इंग्रजी आणि आकडे दोन्हीकडे एकसारखे लिहिले जातात, म्हणून बाकी शेकडो जुळत होत्या. रक्कम १५०.०० अशी आली असती तर स्ट्रिंगिफायने १५० केली असती, तीही चुकली असती. पायथन पाठवत असतं तर कोलन आणि स्वल्पविरामानंतरच्या मोकळ्या जागेमुळे एकही जुळली नसती, आणि चूक पहिल्याच दिवशी पकडली गेली असती.

एचमॅक बाइटवर असतो, अर्थावर नाही. जे आलं त्यावरच काढायचा.

भुईकोट
दुरुस्ती अशी. वेबहुकच्या मार्गावर 'एक्सप्रेस.रॉ' लावा आणि ही ओळ सरसकट लावलेल्या 'एक्सप्रेस.जेसन'च्या आधी यायला हवी. नंतर लावलीत तर बॉडी आधीच उघडली गेलेली असते आणि तुम्हाला बाइट मिळतच नाहीत. त्याच्या 'टाइप'मध्ये नेहमी खरं परत देणारं फंक्शन द्या. काही पाठवणारे कंटेंट-टाइप चुकीचा देतात किंवा देतच नाहीत, आणि तो जुळला नाही की बफर मिळत नाही. 'लिमिट' स्रोताप्रमाणे वाढवा.

तुलना 'टायमिंगसेफइक्वल'ने करा, साध्या बरोबरच्या चिन्हाने नको. पण दोन्ही बफरांची लांबी वेगळी असली की हे फंक्शन एरर फेकतं. कुणी अर्धी सही पाठवली की तुमचा हँडलर ५०० देतो आणि पाठवणारा परत परत येतो. आधी लांबी पाहा, वेगळी असेल तर तिथेच ४०१.

शेंगा_चटणी
चाचणीसाठी खरी पाठवलेली बॉडी फाइलमध्ये ठेवा आणि ती एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नका. बरेच एडिटर शेवटी एक नवी ओळ घालतात, तो एक बाइट सही मोडायला पुरतो. कर्लने पाठवताना 'डेटा-बायनरी' वापरा; नुसतं 'डेटा' फाइलमधल्या नव्या ओळी काढून टाकतं. नमुन्यांत एक देवनागरी नाव, एक तिरकी रेघ, एक इमोजी आणि एक पैशांसकटची रक्कम असू द्या.

सात_रस्ता
रॉ मार्ग लावला. त्या सहाही सूचनांच्या बॉडी पाठवणाऱ्याच्या डॅशबोर्डवरून परत मागवल्या, सहाही जुळल्या. आवक टेबल आणि एक वर्कर चालू केला, व्यवहार क्रमांक आणि प्रकार मिळून युनिक इंडेक्स लावला. सकाळच्या पाळीत २०२ जायला लागणारा वेळ १० मिलिसेकंदांच्या आत आहे. जमा-रक्कमवर दुबार पावती आलेली नाही. पाळी बदलताना एक सूचना दोनदा आलेली टेबलात दिसते, चॅनेलवर एकदाच. मुंबईचं मशीन पुढच्या आठवड्यात.

मूळ बॉडी किती दिवस ठेवायच्या?

पार्क_मैदान
तीस दिवस पुरेत. त्यात ग्राहकांची नावं आणि फोन नंबर आहेत, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात काम संपलेला डेटा पुसून टाकायची तरतूद आहे. टेबलाचे आल्याच्या तारखेनुसार दिवसाचे भाग पाडा आणि जुना भाग ड्रॉप करा. लाखभर ओळी डिलीट करत बसलात तर व्हॅक्यूम (पोस्टग्रेसची साफसफाई) मागे लागतं. फक्त एक लक्षात घ्या: भाग पाडलेल्या टेबलावरच्या युनिक इंडेक्समध्ये ती तारीख असावीच लागते, आणि मग आज आणि उद्या आलेली तीच सूचना दोन वेगळ्या ओळी होतात. म्हणून घटनेच्या आयडीचं एक छोटं वेगळं टेबल, भाग न पाडलेलं, युनिक इंडेक्स त्यावर.

सात_रस्ता
तेच करतो. दोन्ही इन्सर्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, आयडीचा आधी.

भुईकोट
हो, आयडीचा आधी. तिथे कॉन्फ्लिक्ट आला की बॉडीच्या इन्सर्टपर्यंत जायचंच नाही. अपवाद नवी_पेठ यांनी सांगितला तो, 'फसली' असेल तर परत 'बाकी'. म्हणजे स्थितीचा रकाना त्या छोट्या टेबलात हलवा.